मराठी चॅनेलसाठी यूट्यूबची शब्दगाळणी: शिवी अडते, पण गांडूळ खतही अडू शकते

प्रतिक्रियांमधली शिवीगाळ आवरण्यासाठी यूट्यूब स्टुडिओत दिलेली सोय फुकट आहे आणि प्रत्येक चॅनेलला मिळते. त्यामुळे तिचे मोल पैशांत करण्यात अर्थ नाही. ती चुकीची लावली तर कुणाचे बोलणे बंद पडते, यावरून ते ठरवावे. शेती, इतिहास, क्रिकेट, राजकारण अशा कुठल्याही विषयावर मराठीत चॅनेल चालवणाऱ्यांसाठी हे परीक्षण आहे. निष्कर्ष आधीच सांगतो. उघड शिव्यांसाठी ही सोय चांगली आहे. जातिवाचक शब्द तिच्यात जसेच्या तसे भरले तर ती नेमका उलटा अन्याय करते. लाइव्ह चॅट घेणार असाल तर यादी बरीच छाटावी लागते.

संगणकावर स्टुडिओ उघडा, डाव्या बाजूला खाली सेटिंग्ज आणि त्यात कम्युनिटी. इथे स्वयंचलित गाळणीचे कप्पे दिसतात: मॉडरेटर म्हणजे प्रतिक्रिया तपासायला तुम्ही नेमलेले लोक, अप्रूव्ह्ड म्हणजे ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे असे लोक, हिडन म्हणजे ज्यांना तुम्ही लपवले आहे असे लोक, रोखायच्या शब्दांची यादी आणि लिंक अडवायची खूण. शेजारच्या डिफॉल्ट्स भागात कडकपणाची पातळी निवडता येते. काहीच रोखू नका, बेसिक, स्ट्रिक्ट आणि सगळेच रोखा, अशा चार पातळ्या आहेत. इथे निवडलेली पातळी फक्त नव्या व्हिडिओंना लागू होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वाद पेटतो तो अनेकदा जुन्याच व्हिडिओखाली, कारण कुणीतरी त्याचा तुकडा कापून फिरवलेला असतो. जुने व्हिडिओ कंटेंटच्या यादीत निवडून त्यांची पातळी वेगळी बदलावी लागते.

या सोयीची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे अडवलेली प्रतिक्रिया पुसली जात नाही. ती तपासणीच्या रांगेत 60 दिवसांपर्यंत थांबते. तेवढ्या काळात माणसाने वाचून ती सोडायची, काढायची किंवा तक्रारीला पाठवायची. यंत्राने फक्त थांबवायचे आणि निर्णय माणसाने घ्यायचा, ही रचना योग्य आहे. पण रांग कुणी उघडतच नसेल तर रोखणे आणि पुसणे यांत फरक उरत नाही. आपली प्रतिक्रिया अडकली आहे हे लिहिणाऱ्याला कुणी कळवत नाही. त्याला वाटते, चॅनेलवाल्याने मुद्दाम तोंड दाबले. म्हणून रांग रोज पाहणारा एक माणूस आधी नेमा आणि मगच यादी भरा.

पातळी बेसिक ठेवावी. स्ट्रिक्टमध्ये जास्त व्यापक संशयावरून प्रतिक्रिया थांबतात आणि राजकीय चॅनेलवर तिखट पण सरळ विरोधही त्या रांगेत जाण्याचा धोका वाढतो. सगळेच रोखण्याची पातळी काही ठरावीक व्हिडिओंनाच लावावी. लैंगिक अत्याचाराच्या बातमीचा व्हिडिओ हे त्याचे स्पष्ट उदाहरण. पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे आणि तिचे नाव किंवा गाव उत्साहाने लिहिणारे लोक असतात. अशा व्हिडिओखाली प्रत्येक प्रतिक्रिया वाचूनच सोडली पाहिजे. तेवढा वेळ नसेल तर प्रतिक्रिया पॉज कराव्यात: आधीच्या दिसत राहतात, नवी कुणाला लिहिता येत नाही.

आता रोखायच्या शब्दांची यादी. शब्द किंवा वाक्प्रचार स्वल्पविरामाने वेगळे करून टाकायचे असतात. यादीशी जवळून जुळणाऱ्या प्रतिक्रिया रोखल्या जातील, असे यूट्यूब सांगते. किती जवळून, याची व्याख्या दिलेली नाही. मराठीसाठी सगळी अडचण इथून सुरू होते.

मराठी शिवी एका रूपात राहत नाही. 'भडवा' यादीत टाकला तर प्रत्यक्षात येतात 'भडव्या', 'भडवे', 'भडव्यांनो', 'भडव्याला'. शिवी बहुतेक वेळा संबोधन म्हणून येते, त्यामुळे शब्दकोशातल्या मूळ रूपापेक्षा संबोधनाची रूपे जास्त महत्त्वाची. प्रत्येक शिवीसाठी किमान चार रूपे टाका: एकवचनी संबोधन, अनेकवचनी संबोधन, साधे अनेकवचन आणि '-च्या' लागलेले रूप. त्यानंतर रोमन लिपी. मोबाइलवर पुष्कळ भांडणे इंग्रजी अक्षरांत होतात. तिथे 'व'साठी व्ही किंवा डब्ल्यू, 'आ'साठी एक ए किंवा दोन, आणि 'ड'नंतर ए लिहायचा की नाही, एवढ्यानेच एका रूपाची आठ स्पेलिंगे होतात. सगळी टाकायची गरज नाही. रांगेबाहेर निसटलेल्या प्रतिक्रियांमधून लोक खरोखर वापरतात ती दोन-तीन उचलावीत.

देवनागरीतही एकच शब्द संगणकाला वेगवेगळा दिसतो. हिंदी कीबोर्डवरून लिहिणारा 'ड'खाली नुक्ता, म्हणजे टिंब, देतो. तो नुक्ता कधी अक्षरासकट एका संकेतात असतो, कधी वेगळ्या संकेतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते सारखे दिसतीलच असे नाही. अनुस्वाराऐवजी अर्धा 'ण' लिहिला की तेच. म्हणून शिवी स्वतः टाइप करून यादीत भरण्यापेक्षा आलेल्या प्रतिक्रियेतून कॉपी करून भरावी. मधे तारका किंवा टिंब टाकून लिहिलेल्या शिव्यांच्या मागे लागू नये. त्या असंख्य प्रकारे लिहिता येतात आणि यादी फुगत जाते.

यादी फुगली की काय होते, ते आता पाहू. 'गांडू' हा शब्द 'गांडूळ' या शब्दाच्या पोटात आहे. शेतीच्या चॅनेलवर 'एकरी किती गांडूळ खत टाकावे' हा रोजचा प्रश्न असतो. 'भाड्या' ही शिवी आहे आणि 'भाडे'चे सामान्यरूपही 'भाड्या-' असेच होते. 'रोटाव्हेटर भाड्याने मिळेल का' असे विचारणारा शेतकरी त्यात सापडू शकतो. संभोगवाचक शिवीचे पहिले दोन वर्ण तोडून टाकले तर 'झवेरी बाजार' येतो. 'छक्का' हा तृतीयपंथी व्यक्तीला हिणवण्याचा शब्द, पण क्रिकेटच्या चॅनेलवर तो षटकार असतो. 'लंगडा' आंब्याची जात आहे, 'लंगडी' मैदानावरचा खेळ आणि 'आंधळी कोशिंबीर' लहान मुलांचा. 'भट' कुणाला डिवचण्यासाठी लिहिला जातो, तसाच तो अनेकांच्या नावापुढेही असतो. यावर नियम एकच: धातू किंवा तुकडा कधीच यादीत टाकू नका, पूर्ण रूप टाका. आणि दोन अर्थांचा शब्द एकटा न टाकता हल्ल्याचे पूर्ण वाक्य टाका. 'छक्का' टाकू नका, 'छक्का आहेस का' टाका.

यादी भरल्यावर चाचणी घेतल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये. चाचणी स्वतःच्या खात्यावरून होत नाही, कारण चॅनेलचा मालक, मॉडरेटर आणि अप्रूव्ह्ड लोक यांना ही यादी लागूच होत नाही. वेगळ्या, साध्या खात्यावरून एखाद्या जुन्या व्हिडिओखाली अशी वाक्ये टाकून पाहा:

गांडूळ खताचा दर काय आहे?
ट्रॅक्टर भाड्याने हवा आहे.
शेवटच्या चेंडूवर छक्का मारला.
आमचे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते.
लंगडा आंबा कोकणात होतो का?

यातले एकही वाक्य रांगेत गेले तर यादीतला कुठला शब्द त्याला कारण आहे, तो शोधून काढा. बदल लागू व्हायला थोडा वेळ जातो, तेव्हा यादी जतन केल्या क्षणी चाचणी करू नका.

वरचे चौथे वाक्य मुद्दाम दिले आहे. जातिवाचक शब्दांच्या बाबतीत मराठी चॅनेलवाले सर्वांत मोठी चूक करतात, आणि ती चांगल्या हेतूने करतात. वाद नको म्हणून सगळ्या जातींची नावे यादीत भरली जातात. परिणाम असा की हिणवणारा थोडे स्पेलिंग बदलून पुढे जातो, आणि अडकतो तो 1941 साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटविषयी लिहिणारा, महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी दिलेला लढा समजावणारा, किंवा आपल्या बालपणीच्या महारवाड्याची आठवण सांगणारा. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तो योग्यच होता. पण पाटीवरचे नाव बदलणे वेगळे आणि ज्याने तिथे अपमान सोसला त्याला तो शब्द उच्चारू न देणे वेगळे. दलित साहित्यातून हे शब्द वगळले तर काय सांगितले होते तेच कळणार नाही.

सरकारी पातळीवरही हीच गल्लत झालेली दिसते. एप्रिल 2025 मध्ये 'फुले' या हिंदी चित्रपटातून 'महार', 'मांग', 'पेशवाई' असे उल्लेख काढायला सेन्सॉर बोर्डाने सांगितले. प्रदर्शन 11 एप्रिलवरून 25 एप्रिलवर गेले. चित्रपट ज्या काळाविषयी आहे तो काळ लक्षात घेऊन तो एकसंध पाहावा, असे बोर्डाच्या स्वतःच्याच मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेले असताना असे घडले. शब्द कोण, कुणाला आणि कशासाठी म्हणतो हे न पाहता नुसता शब्द काढला की जातीचा अन्याय तसाच राहतो आणि त्याचे वर्णन तेवढे नाहीसे होते.

कायदा या बाबतीत जास्त स्पष्ट आहे. 19 मार्च 2024 रोजी 'कॉलेज रोमान्स' या वेब मालिकेवरच्या अपूर्वा अरोरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिवराळ, असभ्य भाषा म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे. म्हणजे नुसत्या शिवीमुळे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 चा, म्हणजे अश्लील मजकूर पसरवण्याचा, गुन्हा बनत नाही. दुसरीकडे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला लोकांच्या नजरेसमोर अपमानित करण्यासाठी मुद्दाम हिणवणे किंवा जातीवरून शिवीगाळ करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 3(1)(आर) आणि 3(1)(एस) खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. दिव्यांग व्यक्तीला लोकांसमोर अपमानाच्या हेतूने हिणवले तर 2016 च्या हक्क कायद्याचे कलम 92 तेवढीच शिक्षा सांगते. एकीकडे ओंगळ बोलणे, दुसरीकडे माणसाला त्याच्या जन्मावरून किंवा शरीरावरून खाली ढकलणे, असे दोन कप्पे कायद्याने केले आहेत. यूट्यूबच्या यादीला मात्र एकच कप्पा आहे. 'च्यायला' आणि जातीवरची शिवी यांना ती एकाच मापाने रोखते. या साधनाचा खरा दोष हाच, आणि तो चॅनेलवाल्यानेच भरून काढायचा आहे.

त्यासाठी यादी कागदावर तीन भागांत करावी. पहिला भाग आईबहिणीवरच्या आणि लैंगिक शिव्यांचा. तो पूर्ण रूपांसह यूट्यूबच्या यादीत टाका. दुसरा भाग जात, धर्म, प्रांत, लिंग आणि शरीर यांवरून हिणवण्याचा. यातले फक्त असे शब्द टाका ज्यांना दुसरा कुठलाही सभ्य अर्थ नाही, आणि बाकीच्यांसाठी हल्ल्याची वाक्ये टाका. जातीचे नाव एकटे टाकायचे नाही. तिसरा भाग 'च्यायला', 'आयला', 'मेल्या', 'मुडद्या', 'गाढव', 'साला' यांचा. तो यादीत टाकायचाच नाही. मालवणी प्रेक्षकाकडून 'मेल्या' हे प्रेमानेही येते आणि नेत्याला 'गाढव' म्हणणे हे मत आहे. मत उद्धट असले तरी ते मतच राहते.

या तिसऱ्या भागावर जोर देण्याला महाराष्ट्रात कारण आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का पडावी, असे फेसबुकवर विचारल्यावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. एकीने लिहिले होते, दुसरीने ते आवडल्याचे दाखवले होते. तिथे शिवी नव्हती, जातीचा उल्लेखही नव्हता. 'भावना दुखावल्या' एवढ्यावर हे झाले. पुढे 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या अटकेत लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ रद्द केले, कारण 'त्रासदायक' आणि 'अतिशय आक्षेपार्ह' अशा शब्दांत काहीही बसवता येते. चॅनेलचा मालक म्हणजे सरकार नव्हे. त्याने प्रतिक्रिया काढली तर घटनेच्या कलम 19 चा भंग होत नाही, आणि तसा आरोप करणाऱ्यांना हे शांतपणे सांगावे. पण 'मला खटकले' या मापाने यादी भरली तर 66अ चीच चूक आपल्या अंगणात होते.

लाइव्ह चॅटला तीच यादी लागू होते आणि तिथे रांगेची सोय नाही. जुळणारा संदेश थेट अडतो, नंतर वाचून सोडता येत नाही. शेतीच्या थेट प्रश्नोत्तरांत गांडूळ खताचा प्रश्न अडला तर विचारणाऱ्याला कार्यक्रम संपेपर्यंत उत्तर मिळत नाही. त्यामुळे लाइव्हच्या दिवशी दुसऱ्या भागातली वाक्ये काढून फक्त पहिल्या भागाचे शब्द ठेवावेत, स्लो मोड (एकाच माणसाला दोन संदेशांमध्ये ठरावीक वेळ थांबायला लावणारी सोय) लावावा आणि दोन मॉडरेटर बसवावेत. जुनी यादी आधी वेगळ्या फाइलमध्ये कॉपी करून ठेवा, म्हणजे लाइव्हनंतर परत टाकता येते.

मॉडरेटर निवडताना एकाच गावचे, एकाच जातीचे, एकाच पक्षाचे लोक घेऊ नका. पुण्याच्या माणसाला वऱ्हाडी बोलणे उगाच भांडखोर वाटू शकते आणि 'घाटी' हा शब्द कुणाला का लागतो हे प्रत्येकाला आपोआप कळत नाही. दुसऱ्या भागातल्या प्रतिक्रियेवर निर्णय घेताना तो शब्द ज्या समाजावर आहे त्यातला एक माणूस विचारायला असावा. हे काम यंत्रावर सोपवता येत नाही.

हिडन यूझरची सोय मात्र जपून वापरावी. लपवलेल्या माणसाला सूचना जात नाही, तो लिहीत राहतो आणि ते कुणाला दिसत नाही. सतत धमक्या देणाऱ्यासाठी ती ठीक आहे. वारंवार विरोध करणाऱ्याला लपवणे मात्र लबाडी आहे. त्याचा विरोध दिसू द्या आणि उत्तर द्या.

इतर साधनांशी तुलना थोडक्यात. फेसबुक पेजवर 1000 पर्यंत शब्द टाकता येतात आणि ते कुठल्याही भाषेत चालतात. इन्स्टाग्रामच्या हिडन वर्ड्समध्ये प्रतिक्रिया आणि खासगी संदेश यांचा वेगवेगळा विचार होतो, हे यूट्यूबपेक्षा चांगले. पण इतिहास किंवा राजकारणावरच्या लांब चर्चेसाठी यूट्यूबची 60 दिवसांची रांग जास्त उपयोगी पडते. यूट्यूबने दोन गोष्टी द्यायला हव्यात: लाइव्हसाठी वेगळी यादी, आणि कुठल्या शब्दामुळे प्रतिक्रिया अडली याची स्पष्ट खूण.

नियम लोकांना आधी सांगा. प्रत्येक व्हिडिओखाली पिन करायला हा मजकूर पुरतो: 'मताला कितीही कडक विरोध करा. कुणाची जात, धर्म, लिंग, अपंगत्व किंवा आईबहीण काढली तर प्रतिक्रिया काढली जाईल. इतिहास किंवा अनुभव सांगताना जातीचे नाव आले तर काढली जाणार नाही. चुकून अडकली असे वाटले तर ईमेल करा.' शेवटच्या वाक्यासाठी खरोखर पाहिला जाणारा पत्ता द्या.

एखादी प्रतिक्रिया धमकीची किंवा जातीवरून अपमानाची असेल आणि तक्रार करायची असेल, तर ती लगेच काढू नका. प्रतिक्रियेशेजारच्या वेळेवर क्लिक केले की तिचा स्वतंत्र दुवा मिळतो, तो जतन करा. लिहिणाऱ्याच्या चॅनेलचा पत्ता घ्या, कारण दिसणारे नाव बदलता येते. तारीख, वेळ आणि वरचा व्हिडिओ दिसेल असा स्क्रीनशॉट काढा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते, म्हणून स्क्रीनशॉट कुठल्या उपकरणावर, कुणी आणि कधी काढला याची नोंद तेव्हाच करा. मग प्रतिक्रिया रांगेत अडकलेली असेल तर ती तशीच रोखून ठेवा, म्हणजे ज्याच्याविषयी आहे त्याला ती रोज वाचावी लागणार नाही. रांगेची मुदत 60 दिवसांची आहे, तेव्हा तक्रार त्याआधी पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंदवून टाका.